एका पिढींत दोन यंत्रें

डिसेंबर २०२४ मधील गोष्ट. नाताळच्या सुटीस चार दिवस उरले होते. आमच्या वसतिगृहांत राहणारा इयत्ता नववींतील एक विद्यार्थी हातांत कागद घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, एवढें पत्र तपासून द्याल कां?" पत्र आखाती देशांत नोकरीस असलेल्या त्याच्या वडिलांना होतें. "तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि." असा रीतसर आरंभ करून त्यानें लिहिलें होतें कीं, सुटीस येतांना आपण प्लेस्टेशन ५ प्रो हें नवें यंत्र अवश्य आणावें, कारण तीन वर्षांपूर्वीं घेतलेलें आपल्या घरचें प्लेस्टेशन ५ आतां जुनें व निरुपयोगी झालें आहे.

ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका आम्हीं दुरुस्त केल्या. परंतु 'निरुपयोगी' या शब्दाशीं येऊन आमची पेन्सिल थांबली. आम्हीं विचारलें, "शब्द शुद्ध लिहिला आहेस, पण तो खरा आहे कां? यंत्र बंद पडलें कां?" तो म्हणाला, "नाहीं सर, चालतें. पण नवें आलें म्हणजे जुनें निरुपयोगीच झालें कीं नाहीं?"

हा प्रश्न त्या एका मुलाचा नव्हे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ मुलांच्या घरीं तो निघाला असेल, आणि पुष्कळ पालकांनीं त्याला रागानें किंवा नाइलाजानें उत्तर दिलें असेल. राग आणि नाइलाज या दोहोंपेक्षां माहिती बरी, असें आम्हांस वाटतें. म्हणून हीं मधलीं यंत्रें कां निघतात, तीं कशीं विकलीं जातात, आणि कोणतीं खपतात व कोणतीं पडून राहतात, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम 'पिढी' या शब्दाचा अर्थ पाहूं. व्हिडिओ गेमच्या यंत्रास बाजारांत कन्सोल म्हणतात. एका कंपनीचा एक कन्सोल साधारणपणें सहा-सात वर्षें चालतो. मग त्याच्या जागीं सर्वस्वी नवा येतो. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन ४ हें नोव्हेंबर २०१३ मध्यें निघालें व प्लेस्टेशन ५ हें नोव्हेंबर २०२० मध्यें. म्हणजे बरोबर सात वर्षांची एक पिढी झाली. या अवधींत त्या यंत्रासाठीं निघालेला प्रत्येक खेळ त्यावर चालेल, असें एक अलिखित वचन गिऱ्हाइकास मिळालेलें असतें. संगणक विकत घेणारास असें वचन कोणी देत नाहीं. कन्सोलची सारी पत या वचनावर उभी आहे. आतां या सात वर्षांच्या मध्यावर तीच कंपनी त्याच पिढीचें एक अधिक बलवान यंत्र काढते. खेळ बहुधा तेच असतात. चित्र अधिक रेखीव दिसतें किंवा हालचाल अधिक सफाईदार होते. आमच्या विद्यार्थ्यानें मागितलेलें यंत्र या जातीचें होय.

असें यंत्र काढण्याची कंपनीस गरज कां पडावी? याचें उत्तर धंद्याच्या हिशेबांत आहे. कन्सोल हा पुष्कळदां अगदीं थोड्या नफ्यावर, कधीं कधीं तर तोटा सोसूनही विकला जातो. खरी कमाई पुढें होते. दुसऱ्यांनीं केलेला खेळ कंपनीच्या ऑनलाइन दुकानांतून विकला गेला कीं त्याच्या किंमतींतील सामान्यतः सुमारें ३० टक्के वांटा कंपनीकडे जातो. शिवाय वर्गणी असते ती निराळीच. म्हणजे यंत्र हें दुकानाचें दार आहे, आणि विकावयाचा माल आंत आहे. जो मनुष्य वर्षाला दहा खेळ घेतो तो दुसऱ्या दुकानांत गेला, तर कंपनीचें नुकसान एका यंत्राच्या किंमतीपेक्षां पुष्कळ मोठें होतें. २०१६ मध्यें सोनीच्या या शाखेचे प्रमुख अँड्र्यू हाउस यांनीं हेंच कारण उघडपणें सांगितलें होतें. पिढीच्या मध्यावर, उत्तमोत्तम चित्राची हौस असलेले खेळाडू संगणकाकडे वळूं लागतात. त्यांना धरून ठेवावयाचें, हा प्लेस्टेशन ४ प्रो काढण्यामागील हेतु होता. याचा अर्थ असा कीं, मधलें यंत्र हें मुळांत थोड्या लोकांसाठींच असतें. जाहिरात मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर येते, आणि घोटाळा तेथें सुरू होतो.

मधलें यंत्र कसें विकूं नये, याचा धडा सेगा या जपानी कंपनीनें तीस वर्षांपूर्वींच घालून दिला आहे. तिचा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल १९८८ मध्यें जपानांत निघाला; अमेरिकेंत तो जेनेसिस या नांवानें गाजला. तो जुना होऊं लागला तेव्हां कंपनीनें १९९१ मध्यें सीडी वाचणारें एक जोडयंत्र काढलें, आणि नोव्हेंबर १९९४ मध्यें अमेरिकेंत '३२एक्स' नांवाचें दुसरें जोडयंत्र विक्रीस आणलें. किंमत सुमारें १६० डॉलर होती. परंतु त्याच महिन्यांत सेगाचा सर्वस्वी नवा सॅटर्न हा कन्सोल जपानांत विक्रीस आला, व मे १९९५ मध्यें तो अमेरिकेंतही ३९९ डॉलरला आला. ज्यानें नाताळांत मुलासाठीं १६० डॉलर मोजले होते, त्यास सहा महिन्यांच्या आंत कळलें कीं आपण घेतलेली वस्तु अल्पायुषी आहे. ३२एक्ससाठीं सुमारें चाळीसच खेळ निघाले, आणि शेवटीं वीस डॉलरच्या आंत तो विकून दुकानें रिकामीं करावीं लागलीं. पैसे गेले ते गेलेच. पण गिऱ्हाइकाचा विश्वासही गेला, आणि सॅटर्नला त्याची झळ लागली. पुढें आणखी चुका झाल्या, व २००१ मध्यें सेगानें कन्सोल बनविण्याचें कामच सोडून दिलें.

याच्या उलट उदाहरण निन्टेन्डोचें आहे. १९९८ मध्यें तिनें आपल्या निन्टेन्डो ६४ या कन्सोलसाठीं स्मृति वाढविणारी एक लहानशी वस्तु काढली. ती झांकणाखालच्या खांचेंत बसविली कीं यंत्राची स्मृति ४ मेगाबाइटची ८ मेगाबाइट होई. १९९९ मध्यें डाँकी काँग ६४ हा खेळ निघाला. तो या वस्तूशिवाय चालत नसे; म्हणून कंपनीनें ती खेळाबरोबर त्याच पेटींत घालून दिली. गिऱ्हाइकानें खेळ घेतला, आणि सुधारणा त्याच्या घरीं आपोआप पोंचली. त्याला आपण मागें पडलों असें वाटण्याचें कारणच उरलें नाहीं.

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. २०१६ पर्यंत दोन गोष्टी घडून आल्या होत्या. पहिली अशी कीं, यंत्राच्या मध्यवर्ती चिपा पूर्वीं २८ नॅनोमीटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीनें होत, त्या १६ नॅनोमीटरच्या पद्धतीनें होऊं लागल्या. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. भाग बारीक झाले कीं तेवढ्याच जागेंत अधिक मावतात व वीज कमी लागते. त्यामुळें तेंच यंत्र लहान व स्वस्त करतां येतें, किंवा थोड्या अधिक खर्चांत बलवान करतां येतें. दुसरी गोष्ट अशी कीं, 'फोर-के' म्हणून ओळखला जाणारा अधिक रेखीव टीव्ही मध्यम वर्गाच्या आवांक्यांत येऊं लागला. साध्या फुल एचडी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे सुमारें २१ लाख बिंदु असतात. फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारें ८३ लाख. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा. बरोबर चौपट होतात.

सोनीनें ७ सप्टेंबर २०१६ रोजीं न्यूयॉर्क येथें दोन यंत्रें एकदम जाहीर केलीं. एक जुन्याचीच सडपातळ आवृत्ति, २९९ डॉलरला. दुसरें प्लेस्टेशन ४ प्रो, ३९९ डॉलरला. ३९९ हीच किंमत २०१३ मध्यें मूळ यंत्राची होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. नवें यंत्र जुन्याच्या मूळ पायरीवर उभें राहिलें, आणि जुनें एक पायरी खालीं उतरलें. ज्याच्याजवळ थोडे पैसे होते त्याचाही लाभ झाला. शिवाय कंपनीनें नियम केला कीं प्रत्येक खेळ दोन्ही यंत्रांवर चालला पाहिजे. केवळ प्रोवरच चालणारा खेळ कोणी काढूं नये. जुन्या यंत्राच्या ५ कोटींहून अधिक प्रती डिसेंबर २०१६ पर्यंत विकल्या गेल्या होत्या. एवढ्या घरांना दिलेलें वचन मोडणें परवडण्यासारखें नव्हतें.

मग प्रो किती खपलें? २०१७ मध्यें कंपनीच्या अधिकाऱ्यांनीं सांगितलें कीं, प्रो निघाल्यापासून विकल्या गेलेल्या दर पांच यंत्रांत एक प्रो असतें. पांचांत एक हा आंकडा वरवर लहान वाटतो. पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. चार गिऱ्हाइकांनीं २९९ डॉलरप्रमाणें १,१९६ डॉलर दिले. पांचव्यानें ३९९ दिले. एकूण १,५९५ झाले, आणि त्यांतील जवळजवळ एकचतुर्थांश रक्कम त्या एकट्या पांचव्याकडून आली. पुढें खेळ अधिक घेणाराही बहुधा तोच. शिवाय त्यानें आपलें जुनें यंत्र धाकट्या भावाला दिलें किंवा दुसऱ्या कोणास विकलें, म्हणजे आणखी एका घरांत खेळ विकण्याची सोय झाली. मधल्या यंत्राचें यश हें असें असतें. तें सर्वांनीं घ्यावें अशी अपेक्षा ती कंपनीही करीत नाहीं. फक्त जाहिरातींत हें वाक्य नसतें.

जाहिरातींतील दुसरें एक न्यून सांगितलें पाहिजे. फोर-केसाठीं बिंदु चौपट लागतात. पण प्रोचें चित्र काढण्याचें बळ मूळ यंत्राच्या सुमारें सव्वादोनपटच होतें. ही तूट भरून काढण्याकरितां बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एकाआड एक घरें खरोखर काढावयाचीं व मधलीं अनुमानानें भरावयाचीं, अशी युक्ति पुष्कळ खेळांत योजिली गेली. युक्ति उत्तम होती व दूरून पाहणारास फरक सहसा कळत नसे. परंतु पेटीवरील मोठें अक्षर आणि आंतील वस्तु यांत असें अंतर असूं शकतें, हें घेणारानें जाणावें.

प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टनें ७ नोव्हेंबर २०१७ रोजीं एक्सबॉक्स वन एक्स हें यंत्र ४९९ डॉलरला काढलें. तें प्रोपेक्षां निःसंशय बलवान होतें, आणि जगांतील सर्वांत बलवान कन्सोल अशीच त्याची जाहिरात झाली. तरीही त्या पिढींतील क्रम बदलला नाहीं. २०२२ मध्यें ब्राझीलच्या स्पर्धा-नियामकापुढें मायक्रोसॉफ्टनेंच मान्य केलें कीं, प्लेस्टेशन ४ ची विक्री एक्सबॉक्स वनच्या दुपटीहून अधिक झाली. मित्र कोणत्या यंत्रावर खेळतात, आपण घेतलेले खेळ कोणत्या यंत्राचे आहेत, यावर माणूस बांधलेला असतो; केवळ बळ वाढल्यानें तो आपलें घर बदलीत नाहीं.

नांवाचाही परिणाम विक्रीवर होतो. मायक्रोसॉफ्टचीं वन, वन एस, वन एक्स आणि पुढें २०२० मध्यें सीरीज एक्स व सीरीज एस हीं नांवें एका दमांत म्हणून पाहावीं. दुकानांत उभ्या असलेल्या आजीबाईची काय अवस्था होत असेल याची कल्पना येईल. सीरीज एक्सची आगाऊ नोंदणी सप्टेंबर २०२० मध्यें सुरू झाली, त्या दिवशीं ॲमेझॉनच्या यादींत जुनें वन एक्सच एकाएकीं वर चढलें, आणि कांहींनीं चुकून जुनें यंत्र घेतलें असावें असा तर्क पुष्कळांनीं केला. निन्टेन्डोस याहून जबर किंमत द्यावी लागली. २०१२ मध्यें निघालेलें वी यू हें सर्वस्वी नव्या पिढीचें यंत्र होतें; पण नांवावरून तें जुन्या वी यंत्राचें जोडसाहित्य आहे, अशी अनेकांची समजूत झाली, आणि खुद्द कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष सातोरु इवाता यांनीं ती गोष्ट मान्य केली. वी दहा कोटींहून अधिक खपलें होतें. वी यू दीड कोटीपर्यंतही पोंचलें नाहीं. नव्या पिढीचें यंत्र मधल्या सुधारणेसारखें भासलें तर लोक तें घेण्याची घाई करीत नाहींत, एवढें यावरून दिसतें.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रांतील यंत्र. प्लेस्टेशन ५ प्रो हें ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं निघालें. त्याची ओळख करून देतांना त्याचे रचनाकार मार्क सर्नी यांनीं मुख्य मुद्दा असा मांडला कीं, जुन्या यंत्रावर खेळाडूस रेखीव चित्र किंवा सफाईदार गति यांपैकीं एकाची निवड करावी लागते, व सुमारें तीनचतुर्थांश खेळाडू गति निवडतात. नव्यावर दोन्ही एकत्र मिळावीं असा यत्न आहे. हा लाभ खरा आहे. परंतु किंमत पाहावी. अमेरिकेंत ती सुमारें ७०० डॉलर ठेवण्यांत आली, आणि त्यांत डिस्क वाचणारा भाग नव्हता. तो हवा असल्यास ८० डॉलर निराळे. त्या वेळीं डिस्कसह मूळ यंत्र ५०० डॉलरला मिळत होतें. म्हणजे २०१६ मध्यें जुनें खालीं उतरलें व नवें त्याच्या जागीं आलें. २०२४ मध्यें जुनें आपल्या पायरीवरच राहिलें व नवें दोन पायऱ्या वर जाऊन बसलें. पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें सोनीनें अमेरिकेंत या पिढीच्या सर्वच यंत्रांची किंमत ५० डॉलरनें वाढविली. चिपा वर्षागणिक स्वस्त होत जाण्याचा जुना क्रम मंदावला आहे, हें यामागील एक मोठें कारण. यंत्र जुनें होईल तसें स्वस्त होईल, हा पालकांचा पूर्वीचा अनुभव यापुढें नेहमीं खरा ठरेल असें नाहीं.

आपल्या देशाचा प्रश्न आणखी निराळा झाला. मूळ प्लेस्टेशन ५ भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं ४९,९९० रुपयांना आलें होतें. प्रो मात्र नोव्हेंबर २०२४ मध्यें येथें विक्रीस आलेंच नाहीं. कारण त्यांतील नव्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा लहरपट्टा येथें तेव्हां खुला झालेला नव्हता, असें कंपनीनें सांगितलें. म्हणून आमच्या विद्यार्थ्यानें तें वडिलांकडून मागविलें. अशा रीतीनें परदेशांतून आणलेल्या वस्तूची हमी येथें चालते कीं नाहीं, याची चौकशी पैसे देण्यापूर्वीं करावी, हें पालकांस सांगणें आम्हीं आमचें कर्तव्य समजतों.

एकंदरींत मधल्या यंत्राचें भवितव्य चार गोष्टींवरून ओळखतां येतें. त्याची किंमत जुन्याच्या पायरीशीं कशी जुळते. त्याचा गुण दिसण्याजोगा पडदा घरोघरीं आहे कीं नाहीं. पुढची पिढी किती दूर आहे. आणि जुन्या गिऱ्हाइकास दिलेलें वचन पाळलें जातें कीं नाहीं. यांतील चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सेगानें ती गमावली. सोनीनें २०१६ मध्यें ती पाळली, आणि त्यामुळेंच ज्या चौघांनीं प्रो घेतलें नाहीं तेही तिचे गिऱ्हाईक राहिले. म्हणून 'जुनें निरुपयोगी झालें' हें वाक्य पालकांस खोटें वाटावें, एवढेंच नव्हे. तें ज्या दिवशीं खरें होईल त्या दिवशीं यंत्र विकणाऱ्या कंपनीचाच धंदा बुडूं लागेल.

हें सर्व आम्हीं त्या मुलास त्या संध्याकाळीं सांगितलें, आणि शेवटीं विचारलें, "तुझ्या घरचा टीव्ही कोणता आहे?" त्यास सांगतां येईना. वसतिगृहाच्या फोनवरून त्यानें आईला विचारलें. आईनें टीव्हीचा जुना कागद शोधून वाचून दाखविला. ताईच्या लग्नाच्या वर्षीं घेतलेला तो टीव्ही फुल एचडी निघाला. म्हणजे नव्या यंत्राच्या ८३ लाख बिंदूंपैकीं २१ लाखच त्यावर दिसावयाचे. गतीचा थोडा लाभ झाला असता, नाहीं असें नाहीं. पण चित्राच्या रेखीवपणासाठीं प्रथम टीव्हीच बदलावा लागला असता. मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानें कागद परत मागून घेतला व 'निरुपयोगी' हा शब्द स्वतः खोडला.

नवें पत्र त्यानें दुसऱ्या दिवशीं दाखविलें. त्यांत यंत्राची मागणी होती. ती आम्हीं काढावयास सांगितली नव्हती. पण आतां मजकूर असा होता कीं, आपलें यंत्र चांगलें चालतें, नव्यावर चित्र अधिक चांगलें दिसतें, मला तें हवेंसें वाटतें, परंतु आपल्या टीव्हीवर तें पूर्ण दिसणार नाहीं. तरी बाबांना योग्य वाटेल तसें करावें. या पत्रांत दुरुस्त करण्यासारखें आम्हांस कांहीं आढळलें नाहीं.

जानेवारींत शाळा उघडल्यावर आम्हीं त्यास विचारलें. बाबांनीं प्रो आणलें नाहीं. त्यांनीं जुन्याच यंत्राला लागणारा दुसरा कंट्रोलर आणला, आणि सुटीचे दहा दिवस ते स्वतः मुलाबरोबर खेळले. "कोण जिंकलें?" असें आम्हीं विचारलें. तो हंसून म्हणाला, "पहिले तीन दिवस मी, सर. नंतर बाबांना जमूं लागलें."